आईच्या त्रेसष्ट फाइली

आमच्या बंजारा तांड्यात लग्न निघालं की पहिलं बोलावणं आईला यायचं. नवरीला ढावलो शिकवणारी ती एकच उरली होती. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीनं आपल्या माणसांच्या गळ्यात पडून रडत म्हणायचं गाणं. नुसतं रडणं नव्हे. त्याला चाल असते, शब्द असतात. बापासाठीचे वेगळे, भावासाठीचे वेगळे, मागं राहणाऱ्या मैत्रिणींसाठीचे वेगळे. पूर्वी मुली ऐकून ऐकूनच शिकायच्या. अलीकडच्या मुली लग्नाच्या आठवडाभर आधी क्लास लावल्यासारख्या आईसमोर येऊन बसायच्या आणि अर्धं लक्ष हातातल्या फोनमध्ये ठेवायच्या.

मी आर्णी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. राहते आर्णीत, आणि आमचा तांडा तिथून स्कूटीनं वीस मिनिटांवर. दर रविवारी मी आईकडे जायची. तिथं माझा भाऊ आणि वहिनी तिच्याजवळ राहायचे. एका रविवारी आई एका मुलीला गाणं सांगताना मधेच थांबली आणि म्हणाली, "पुढचं नाई आठवून राह्यलं." ती हसली, मुलगीही हसली. मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी फोनवर आईची गाणी रेकॉर्ड करायला लागले.

आई माझ्याशी गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलायची. इथं मी तिचं बोलणं आमच्याकडच्या वऱ्हाडीत लिहिते आहे. तिचे शब्द जसेच्या तसे कागदावर मांडायची आता माझी हिंमत होत नाही. का, ते पुढं कळेलच.

दोनेक वर्षांत बरंच जमलं. फोनची जागा भरत आली तशी मी फाइली लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या. त्यासाठी आर्णीच्या बसस्टँडजवळून एक वायर आणली. ती लावली की फोन चार्ज व्हायचा, पण लॅपटॉपला फोन दिसायचा नाही. परत गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही चार्जिंगची हाय. डाटाची वेगळी येते, पह्यलेच सांगाव लागते." दुसरी आणली. मग कळलं, वायर लावल्यावर फोनच विचारतो, नुसतं चार्जिंग करायचं की फाइली द्यायच्या. तिथं आपण बोट लावल्याशिवाय पुढं काही होत नाही. शिवाय माझ्या फोनची पिन ढिली होती. जरा धक्का लागला की जोडणी तुटायची आणि अर्धीच उतरलेली फाइल यादीत दिसायची, पण वाजायची नाही. म्हणून मी स्टीलचा एक डबा उपडा ठेवून त्यावर फोन ठेवायची आणि उतरेपर्यंत टेबलाला हात लावायची नाही.

शाळेतले सहकारी म्हणायचे, आता वायर कोण लावतं, हवेतून पाठव की. पण मला ती वायर बरी वाटायची. एकेक फाइल मी निवडायची, उतरली की तिथल्या तिथं वाजवून बघायची आणि तिला नाव द्यायची. "भावासाठी, सावकाश." "बापासाठी, मधे कुत्रं भुंकतं." "आई विसरली, परत म्हणते." काय गेलं आणि काय राहिलं ते मला नेमकं माहीत असायचं.

एक फाइल मी कधीच लॅपटॉपवर नेली नाही. लॅपटॉप शाळेतही जायचा, चार जण हाताळायचे. ती फाइल गाण्याची नव्हती.

ती अशी झाली. कापसाचा शेवटचा वेचा संपला होता, आई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. फोन माझ्या मांडीवर चालूच होता. मी सहज विचारलं, "याडी, तू तुझ्या लग्नात कोणता ढावलो म्हटला होतास?" याडी म्हणजे आई.

ती म्हणाली, "मी म्हनलाच नाई. तोंडातून आवाजच नाई निघाला. बाया म्हने, कशी दगडाची पोरगी हाय."

"मग शिकलीस कुठं?"

तिनं आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. मग तिनं सांगितलं. लग्नाला सहा महिने झाले असतील-नसतील, ती सासरहून एकटी निघाली आणि दोन दिवस चालत उमरखेडच्या अलीकडे तिच्या माहेरच्या तांड्यावर पोचली. बाप दारातच उभा होता. त्यानं का आलीस विचारलं नाही. म्हणाला, आल्या पावली परत जा.

"मायनं पान्याचा तांब्या हातात घेतलता," आई म्हणाली. "बापानं तिच्याकडे पाह्यलं, तसा तिनं खाली ठेवून देल्ला. मी तशीच फिरली. तवा निघाला माह्या तोंडातून ढावलो. पूर्ण रस्त्यानं म्हनत आली, एकटी. ऐकाले कोनी नोतं. तिथून शिकली मी."

 तीच पुढं म्हणाली, "तुह्या मामाले हे मालूम नाई. लहान होता तो. त्याच्यासाठी आमचा बाप म्हंजे देव हाय. राहू दे त्याचा देव." मग तिचं लक्ष माझ्या मांडीकडे गेलं. "ते चालू हाय का?"

"हो. पुसून टाकू?"

"नको. तुह्यापाशी राहू दे. पन दुसऱ्या कोनाले ऐकवू नको."

पुढं एका शिक्षण परिषदेत मी आईच्या गाण्यांबद्दल दहा मिनिटं बोलले. यवतमाळच्या एका कॉलेजातले प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते. लोकगीतांवर त्यांची पुस्तकं होती, सगळे त्यांना वाकून नमस्कार करत होते. चहाच्या वेळी ते स्वतः चालत माझ्यापाशी आले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय करून ठेवलंय याची तुम्हाला कल्पना नाही." पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात ते आर्णीला माझ्या घरी आले. पुस्तक काढू म्हणाले, संकलक म्हणून तुमचं नाव राहील म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला, पण त्यात सगळी गाणी नव्हती. अलीकडची वीसेक अजून फोनमध्येच होती. मी वायर काढली, डबा उपडा घातला. सर हसले. "वायर कशाला लावता मॅडम? तो जमाना गेला. द्या इकडे."

त्यांनी आपल्या फोनचं हॉटस्पॉट सुरू केलं, माझा फोन त्यावर जोडला, त्यांच्या लॅपटॉपवर चौकटीचौकटीचं एक चित्र आलं. म्हणाले, हे तुमच्या फोननं स्कॅन करा. मी केलं. माझ्या फोनवर प्रश्न आला, परवानगी द्यायची का. मी 'हो'वर बोट ठेवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर अनेकांना मी हे गाळून सांगितलं. बोट माझंच होतं.

त्यांच्या लॅपटॉपवर माझ्या रेकॉर्डिंगचं अख्खं फोल्डर उघडलं. त्यांनी सगळ्या फाइली एकदम निवडल्या. त्रेसष्ट. मी लॅपटॉपवर उतरवून झालेली गाणीही फोनमधून काढलेली नव्हती. वायरनं चार गाण्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात निम्म्या गेल्यासुद्धा. आकडा पळत होता आणि मला शेंगा सोलणारी आई आठवली.

"सर, थांबा. त्यात एक गाणं नाहीये. आई नुसती बोलते. ती नको."

"कुठली?"

यादीत नुसते आकडे होते. नावं मी उतरवल्यावर द्यायची. मी वाकून बघत राहिले, तोवर पट्टी भरून गेली.

"हरकत नाही," सर म्हणाले. "मी सगळं ऐकणारच आहे. ती आली की काढून टाकतो."

मला तेव्हाच म्हणता आलं असतं, आत्ता ऐकू आणि आत्ताच काढू. तास गेला असता. पण ते घड्याळ बघत होते, त्यांना यवतमाळला लोहाऱ्याकडच्या नव्या लेआउटमधल्या घरी जेवायला परतायचं होतं, आणि एवढ्या मोठ्या माणसावर अविश्वास दाखवायला माझी जीभ उचलली नाही. पुस्तकावरचं नाव मनात होतं, तेही होतं. मी त्यांना पोहे केले. गाडीपर्यंत पोचवायला गेले.

मग काही महिने काही नाही. मी दोनदा फोन केला. एकदा ते मीटिंगमध्ये होते, एकदा म्हणाले, विद्यार्थी काम करतायत. 'ती एक फाइल' मी दोन्ही वेळा विचारली नाही. आपणच मागं लागलोय असं दिसू नये, असं वाटायचं.

पुस्तक निघालं नाही. इंटरनेटवर सरांचा एक चॅनल निघाला. पहिल्यांदा वहिनीनं मला दाखवला, तिच्या माहेरच्या ग्रुपवर आला होता. सुरुवातीला सरांचा फोटो आणि सरांचा आवाज, मग आईचा ढावलो, आणि मागं बासरी. आईच्या रडण्यात श्वासाच्या जागा होत्या, तिथं तिथं बासरी भरली होती. माझं नाव कुठंच नव्हतं. आईचंही नव्हतं, "एक निरक्षर तांडा-गायिका" एवढंच. मला राग आला. तरी मी वहिनीला म्हटलं, "चांगलं आहे, लोक ऐकतील." आईनं स्वतःचा आवाज ऐकला आणि विचारलं, "हा पावा कोन वाजवून राह्यला?" आम्ही हसलो.

तेराव्या का चौदाव्या भागात गाणं नव्हतं. त्यात आई बोलत होती. मथळा होता, "बापानं हाकललेल्या लेकीची कहाणी." मागं तीच बासरी. खाली मराठीत भाषांतर, म्हणजे ज्यांना गोरबोली येत नाही त्यांचीही सोय झाली. "दुसऱ्या कोनाले ऐकवू नको" हे वाक्यही त्यांनी ठेवलं होतं. शेवट त्याच वाक्यावर केला होता आणि बासरी तिथं वर चढवली होती.

वहिनीनं शाळेत फोन केला. "ताई, मामांनी पाह्यलं म्हने. त्यांच्या सुनेनं दाखवलं. ते इथं यून राह्यले."

मी सुट्टी टाकून तांड्यावर पोचले तेव्हा मामा ओट्यावर बसला होता, बाजेवर नाही. आतही गेला नव्हता. साठीला आलेला माणूस, तीन तास एसटीत बसून आला होता. आई चौकटीला धरून उभी होती.

मामा म्हणाला, "माह्या बापाले मेल्यावर गावभर नागवं केलं तू."

आई म्हणाली, "मी गावाले नाई सांगतलं."

"मंग हा आवाज कोनाचा हाय?" त्यानं फोन पुढं धरला. त्याला तो नीट सुरू करता येत नव्हता. आईच्या आवाजाचा एक तुकडा आला आणि बंद पडला.

मी मधे पडले. "मामा, चूक माझी आहे. मी दिलं ते."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. आईलाच म्हणाला, "खोटं हाय म्हन. एकदा म्हन, खोटं हाय. मी सगळ्याले सांगतो, म्हातारीले भरम झाला."

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. ती खोटं आहे म्हणेल असं मला वाटलं. भावासाठी तिनं पन्नास वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं, तिला एवढं जड नव्हतं. पण ती म्हणाली, "खरं हाय."

वहिनीनं पाणी आणलं. मामानं ते घेतलं नाही. पुढची एसटी यायला दीड तास होता, तो फाट्यावर जाऊन उन्हात उभा राहिला. भाऊ त्याला आणायला गेला तर त्यालाही परत पाठवलं.

मी त्याच दिवशी सरांना फोन केला. मी ओरडेन असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात माझ्या तोंडून "सर, प्लीज" असंच निघालं. ते शांत होते. म्हणाले, "मॅडम, भावना समजतो. पण ही आता फक्त तुमच्या आईची गोष्ट राहिलेली नाही, हा दस्तऐवज आहे. बायका कमेंटमध्ये रडतायत, वाचा तुम्ही." मी आठवडाभर रोज फोन केला. शेवटी त्यांनी तो भाग काढला. तोपर्यंत तो लोकांच्या फोनमध्ये उतरला होता. पुढं कितीतरी दिवस तो कुणा ना कुणाच्या ग्रुपवर येतच राहिला.

आई माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी ती भावाच्या मोटरसायकलवर बसून आर्णीला माझ्या घरी आली आणि म्हणाली, "सगळं पुसून टाक. माह्यासमोर."

"याडी, गाणी तरी राहू दे."

"सगळं."

ती खुर्चीवर बसली, मी शेजारी. आधी फोन. त्रेसष्ट. मग लॅपटॉप. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक नाव वाचून दाखवलं आणि पुसलं. "भावासाठी, सावकाश" वाचलं तेव्हा तिनं मान वळवली. कचऱ्याच्या टोपलीतूनही काढून टाकलं. टेबलाच्या खणात पेन ड्राइव्ह होता. आदल्या दिवशी मी त्यावर एक प्रत ठेवू शकले असते, विचारही आला होता. ठेवली नाही. एकदा तिला फसवून झालं होतं.

"गेलं का?"

"गेलं."

"आन् त्या सराजवळचं?"

"काढायला सांगितलंय."

"सांगतलं म्हंजे गेलं, असं होते का?" ती म्हणाली आणि उठली.

त्यानंतर लग्नघरची माणसं आली की आई म्हणायची, गळा धरला आहे. दोन हंगाम तिचा गळा धरलेलाच होता. मग लोकांनी येणं सोडलं. दर वर्षी पोळ्यानंतर मामा तिला भेटायला यायचा, तो आला नाही. ती दुपारभर फाट्याकडे तोंड करून बसायची आणि विचारलं तर म्हणायची, वारं बरं लागते इथं. आजारी पडली तेव्हा मी मामाला कळवलं. "पाहतो," म्हणाला. ती गेली त्या दिवशी तो आला, पण लोकांच्या मागं उभा राहिला. बाई गेली की तिच्यावर घालायचं माहेरचं लुगडं तिच्या भावानं आणायचं असतं. त्याचे हात रिकामे होते. वहिनीनं पेटीतलं एक नवं लुगडं काढून ते मामानं आणलं असं बायकांना सांगितलं. सगळ्यांना खरं माहीत होतं, कुणी बोललं नाही. मामाही बोलला नाही.

आई जाऊन आठ महिने झाल्यावर मी सरांच्या घरी गेले. तिनं पुसायला लावलेलं मी परत मागायला गेले, हे मला कळत होतं. पण मला तिचा आवाज आठवेनासा झाला होता. शब्द आठवायचे, चाल आठवायची, आवाज यायचा नाही. सरांचा चॅनल बंद पडला होता, ग्रुपवर फिरणारे तुकडे कुणी ठेवले नव्हते, आणि तो आवाज आता या जगात एकाच ठिकाणी असणार होता.

सरांनी बसवलं, दुःख व्यक्त केलं. मी म्हटलं, "मूळ फाइली द्या. बासरी नसलेल्या."

"मूळ?" ते विचारात पडले. "त्या एका विद्यार्थ्याच्या मशीनवर होत्या. तो पास होऊन गेला. माझ्याकडे तयार केलेले भाग आहेत फक्त."

"आणि ती बोलण्याची?"

"ती तर तुमच्याच सांगण्यावरून काढली मॅडम. सगळीकडून काढली. तुम्हाला शब्द दिला होता ना." खरं बोलत होते. एवढा एकच शब्द त्यांनी पाळला होता.

मग त्यांनी एक छापील कागद समोर ठेवला. गाण्यांच्या वापराला कुटुंबाची संमती असल्याचा. पुस्तक आता खरंच निघणार होतं, प्रकाशक मागत होता. "फॉर्मॅलिटी आहे. एवढं करा, मी लगेच सगळे भाग पाठवतो. घरी पोचायच्या आत तुमच्या फोनवर येतील."

"आत्ता द्या," मी म्हटलं. "वायरनं."

मी पर्समधून वायर काढली. त्यांनी खांदे उडवले आणि माझा फोन त्यांच्या लॅपटॉपला जोडला. मी कागद वाचला. त्यावरची तारीख ते पहिल्यांदा माझ्या घरी आले त्या महिन्यातली होती, म्हणजे आमची संमती पहिल्यापासूनच होती असं दिसणार होतं. मी ती पाहिली. मी तारीख पाहिली हे त्यांनीही पाहिलं. मी सही केली.

फाइली उतरायला पाऊण तास लागला. सर दोनदा आत जाऊन आले. मी फोनला धक्का लागू नये म्हणून हात मांडीवर ठेवून बसले होते. एकोणचाळीस आल्या.

यवतमाळ-आर्णी एसटीत मी पहिली लावली. आधी सर बोलले, बंजारा समाजाच्या समृद्ध मौखिक परंपरेबद्दल, चांगली दोन मिनिटं. मग बासरी. मग आई. मी ती शेवटपर्यंत ऐकली. वाईट केलंय असं आता कुणाला सांगायची सोय नव्हती. सही करून ती सोय मीच संपवून आले होते.